नर्सबाईचं लेकरू

त्या वर्षी आमच्याकडं उजेड फार होता. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी आला नव्हता. झाडांवर सावली पडेल एवढीही पानं उरली नव्हती, आणि सकाळ झाली की वाडीवर असा पांढरा उजेड पसरायचा की समोरून येणारं माणूस पाण्यातून चालत येतंय असं वाटावं. पाय दिसायचेच नाहीत. आधी डोकं दिसायचं, मग खांदे, आणि अगदी जवळ आल्यावर बाकीचं माणूस.

वत्सलाबाई वाव्हळ आठवल्या की मला त्या अशाच उजेडातून येताना दिसतात. पांढरं पातळ, काखेत औषधांची पिशवी, डोक्यावर ओला करून पिळलेला रुमाल. आमच्या वाडीच्या त्या नर्सबाई. तलवाड्याच्या पुढं, मुख्य रस्ता सोडून आत, अशी आमची वाडी. पिढ्यान्‌पिढ्या इथं लेकरू जन्मलं तर घरात आणि गेलं तरी घरातच. सरकारनं लेकरांसाठी माणूस पाठवलं आहे, ही गोष्टच लोकांना नवी होती.

मी तेव्हा बीडहून बी.कॉम. होऊन वाडीच्या सहकारी दूध संस्थेत सचिव म्हणून नुकताच लागलो होतो. संस्थेची इमारत म्हणजे दोन खोल्या आणि पुढं एक ओसरी. एका खोलीत दूध घ्यायचं, दुसरी खोली संस्थेनं आरोग्य खात्याला वापरायला दिलेली. तिलाच उपकेंद्र म्हणत. खोलीच्या पुढच्या भागात टेबल, तान्ह्या लेकरांना तोलायचा काटा आणि पाळण्यातल्या बाळाचं एक चित्र. पडद्यामागं बाईंची चूल, माठ आणि वळकटी. नवरा औरंगाबादला नोकरीला, मुलगी धारूरला बाईंच्या वडिलांकडं. ओसरी मात्र दोन्ही खोल्यांची एकच. त्यामुळं बाईंचं येणंजाणं, हसणं, वैतागणं रोज माझ्या डोळ्यांसमोर व्हायचं.

दूध संस्थेचा आणि लेकरांच्या सुईचा काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध बर्फाचा होता. लस गार ठेवावी लागते, आणि आमच्या वाडीत वीज असून नसल्यासारखीच. दुधाचा टेम्पो तालुक्याहून रिकामे कॅन आणि बर्फाची लादी घेऊन यायचा, त्यातच बाईंचा लसीचा निळा डबा असायचा. टेम्पोवाला बंकट लादी पोत्यात गुंडाळून आणायचा. पोतं सोडलं की तिच्यातून वाफ निघायची, आणि त्या कोरड्या दिवसांत ती वाफ बघायला माणसं जमायची. म्हाताऱ्या बर्फाला तळवा लावून तो डोळ्यांवर ठेवत. देवळात असतो तसा सगळा प्रकार.

पण वैरण संपली तसं दूध आटलं. कॅनच्या तळाशी हलेल एवढंच जमायला लागलं. संस्थेचे चेअरमन मोहनराव एकदा ओसरीवर बसून बंकटला म्हणाले, "काय बे बंकट, तू दूध न्यायला येतोस का नर्सबाईचा डबा पोचवायला?"

"मालक, डबा तरी भरलेला असतो," बंकट म्हणाला. "तुमचे कॅन वाटेनं नुसते खळखळ वाजत्यात. रस्त्यावरची माणसं इचारत्यात, वरात कुणाची हाय म्हणून."

मोहनराव हसले, पण टेम्पो बंदच करायचा त्यांचा विचार होता. मी त्यांना म्हणालो की एकदा दूध घालायचं वळण मोडलं तर पुढं पाऊस आला तरी माणसं संस्थेकडं फिरकणार नाहीत. ते त्यांना पटलं. टेम्पो फक्त बाजाराच्या दिवशी येईल असं ठरलं. म्हणजे लसही फक्त बाजाराच्या दिवशी.

बाईंना दुपारी ओसरीच्या खांबाला टेकून डुलकी लागायची आणि त्या डुलकीत त्यांना स्वप्नं पडायची. जागं झाल्यावर त्या मला ती सांगत. "भाऊ, आज सगळी वाडी तळ्याखाली होती. मी पोहत पोहत घरोघर जात होते, आणि डबा माझ्यापुढं तरंगत होता. दारं सगळी उघडी. लेकरं माशांसारखी माझ्या अंगावरून जायची, पण हाताला एक लागत नव्हतं." सांगताना त्या आपल्या हाताकडं बघायच्या. हात कोरडाच असायचा, उलून पांढरा पडलेला.

दिवाळीच्या आधीचा तो बाजाराचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाचा ट्रक येणार होता आणि वाडीतली बरीच घरं ऊसतोडीला निघणार होती. बाईंचा जीव त्यामुळं टांगणीला लागलेला. पलीकडच्या एका तांड्यावर गोवर निघाल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. ट्रकमध्ये सगळीकडची लेकरं मांडीला मांडी लावून जाणार, आणि पुढं सहा महिने उसाच्या पाचटाच्या झोपड्यांत, कोप्यांत, एकत्र राहणार. गोवराची लस एकदा पाण्यात कालवली की सांजेपर्यंत संपवावी लागते, उरली तर फेकून द्यायची. म्हणून बाई सकाळीच घरोघर सांगत निघाल्या की दुपारी सगळ्या लेकरांना घेऊन या.

शेवटचं घर मुक्ताबाईचं. उकिरड्याच्या पलीकडं, गावाच्या टोकाला. मुक्ताबाईची तीन लेकरं पाठोपाठ गेली होती. तिसरं तर उसाच्या फडातच, गोवरानं. म्हणून चौथ्या वेळी नवरा शहादेव एकटाच फडावर गेला आणि तिला सासूजवळ, दगडाबाईजवळ, वाडीतच ठेवलं. माघात मुलगा झाला. बाळंतपण वत्सलाबाईंनीच केलं. नंतर मुक्ता लेकरू घेऊन चकलांब्याला माहेरी गेली ती आत्ता कुठं परतली होती. यंदा तिला फडावर जाणं भागच होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला मुकादम उभं करत नाही, गेल्या वर्षी शहादेवला कसाबसा दुसरा जोडीदार मिळाला होता, आणि घरी खायला काही उरलेलं नव्हतं.

बाई घाईघाईनं परत आल्या त्या माझ्यासमोर ओसरीवर बसल्याच. चेहरा असा, की मी विचारलं, "काय झालं?"

"भाऊ, मुक्ता म्हणते, मला लेकरू नाही."

मला वाटलं, गेलं की काय.

"नाही हो. आतून रडायचा आवाज येत होता. मी म्हणाले, मग आत रडतंय कोण? तर म्हणते, 'आसंल कुणाचं तरी.' मी म्हणाले, अगं तुझ्या पोटातून मीच काढलाय त्याला! तर तोंडाला पदर लावला आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. दगडाबाईला विचारलं, तर ती म्हणते, 'ज्याचं हाय त्यानं बगावं. आमच्या हातात काय न्हाई.' मी इतकी वर्षं काम करतेय, आपल्याच लेकराला नाही म्हणणारी आई बघितली नव्हती."

बंकट टेम्पोच्या सावलीत बसून भाकरी खात होता. तो खोकला. मग उगाच पाणी प्याला. मग म्हणाला, "बाई, तुमाला खरंच ठाव न्हाई?"

"काय ठाव नाही?"

"आवो, ते लेकरू तुमचं हाय."

बाई बसल्या जागी अर्ध्या उठल्या.

"समदी वाडी तसंच म्हणती. तुमाला कुणी सांगायचं न्हाई, सांगितलं की मोडतं. मी काय इथला न्हाई, म्हणून बोललो. जलमलं तवा सुपात घालून उकिरड्यावर ठिवलं हुतं का न्हाई? तुमी उचललं का न्हाई?"

बाईंचे डोळे हळूहळू बारीक झाले. त्यांना ती पहाट आठवत असावी. बाळाला पुसून त्या हात धुवायला बाहेर आल्या, तेवढ्यात दगडाबाईनं लेकरू सुपात घालून उकिरड्याच्या कडेला नेऊन ठेवलं होतं. "बाई, तेवढं उचला," ती म्हणाली होती. थंडी होती, बाईंनी झटकन उचलून पदरात घेतलं. "आता तुमच्या पिशवीतलं कायबी द्या," दगडाबाई म्हणाली. बाईंना वाटलं, नाक पुसायला पाहिजे असेल. त्यांनी कापसाचा एक बोळा दिला आणि लेकरू परत देत म्हणाल्या, "सांभाळा नीट."

"झालं की मग," बंकट म्हणाला. "इकत घेतलं तुमी. कापसाच्या बोळ्यावर. आन्‌ त्यांच्याकडं सांभाळायला ठिवलं. ज्याची लेकरं जगत न्हाईत त्यानं ते दुसऱ्याचं करून टाकायचं. मग मरण दारात आलं तरी म्हणतं, हितं या घरचं लेकरूच न्हाई, आन्‌ माघारी जातं. आता मुक्तानं माझं म्हणलं की संपलं समदं."

मला ते ऐकून हसू आलं. मी म्हणालो, "मग सोपं आहे, बाई. तुमचंच आहे म्हणा आणि टोचा."

बाई हसल्या नाहीत. बंकट भाकरीचं फडकं झटकायला गेला तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, असं लेकरू कुणाच्या पदरात टाकतात ठाऊक आहे का तुम्हाला? ज्या घराला खालचं समजतात, त्या घरच्या बाईच्या. मरणालाही तिकडं जायला नको वाटतं म्हणे. तिथलं लेकरू काय न्यायचं, असं वाटतं म्हणे त्याला."

मी हातातली दुधाची वही मिटली.

"माझ्या वडिलांनी, आश्रुबांनी, छप्पनच्या दीक्षेनंतर घरातले सगळे देव पोत्यात बांधून नदीला सोडले. आम्ही लहान होतो. म्हणाले, आजपासून कुणाच्या पापाचं, कुणाच्या विटाळाचं ओझं आपल्या डोक्यावर नाही. मी शिकले, नर्स झाले, रोज धुतलेलं पातळ नेसते. आणि दगडाबाईला मी नेमकी त्याच कामाची वाटले." त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढला. "आता हो म्हणाले, तर आश्रुबाच्या पोरीनं ते ओझं आपल्या हातानं परत उचललं असं होईल. आणि नाही म्हणाले, तर उद्या तो पोरगा तसाच ट्रकमध्ये चढेल."

आत टेबलावर निळा डबा होता. त्यातला बर्फ वितळत असल्याचा बारीक आवाज येत होता, किंवा मला तसं वाटलं. समोरच्या रस्त्यावर उन्हाचं पाणी हलत होतं. वाडीतली घरं जमिनीपासून वीतभर वर उचलली गेल्यासारखी दिसत होती. बाई किती वेळ बसल्या सांगता येणार नाही. त्या दिवसांत वेळ कळतच नसे. झाडांना सावल्याच नव्हत्या, मग कळणार कशानं.

मग त्या उठल्या. रुमाल ओला केला, पिळला, डोक्यावर ठेवला, आणि उकिरड्याच्या दिशेनं चालायला लागल्या. आधी पाय दिसेनासे झाले, मग पातळ, मग नुसता रुमाल.

परत आल्या तेव्हा तो पांढरा उजेड फाटून त्यातून एक लहानशी मिरवणूकच बाहेर येतेय असं वाटलं. पुढं वत्सलाबाई, त्यांच्या खांद्यावर लेकरू. त्यांनी ते झाकलेलं नव्हतं. गावातल्या मोठ्या रस्त्यानं, सगळ्यांच्या दारांवरून आणलं होतं. त्यांच्यामागं दगडाबाई, काठी टेकत, तोंडानं पुटपुटत. सगळ्यात मागं मुक्ताबाई. डोळे जमिनीला, पण पावलं मात्र बाईंच्या पावलांत पाऊल ठेवल्यासारखी. लेकराच्या गळ्यात काळा दोरा होता आणि दोऱ्याला कळकट झालेला कापसाचा बोळा.

ओसरीवर तोवर बाया जमल्या होत्या. भामाबाई नावाची एक तिखट तोंडाची म्हातारी नातवाला घेऊन पुढंच बसली होती. तिनं विचारलं, "कुणाचं वो बाई, लेकरू?"

मुक्ताबाईनं डोळे मिटले.

"माझं," वत्सलाबाई म्हणाल्या. "विचारायचं काय त्यात? विकत घेतलंय."

त्यांनी लस कालवली, लेकराचा दंड पुसला आणि सुई टोचली. पोरगा असा काही किंचाळला की बंकट टेम्पोतून खाली उतरला. मुक्ताबाईचे दोन्ही हात आपोआप पुढं झाले आणि तसेच हवेत थांबले. बाईंनी लेकरू दिलं नाही. खांद्यावर थोपटत त्या पडद्यामागं गेल्या आणि माठातलं पाणी पेल्यात घेऊन बाहेर आल्या. पेला त्यांनी दगडाबाईपुढं धरला.

आता हे सांगायला पाहिजे की सुई टोचून घ्यायला सगळ्या बाया उपकेंद्रात येत, पण बाईंच्या माठातल्या पाण्याची मात्र कुणालाच तहान नसायची. त्या टंचाईतही नसायची. टँकरची वाट बघत घसे कोरडे पडत, पण नसायची.

"घ्या," बाई म्हणाल्या. "उन्हातनं आलाय."

"नगं, मला न्हाई तान," दगडाबाई म्हणाली.

"माझ्या लेकराची आजी माझ्या घरचं पाणी पिणार नाही?"

"मी आजी कशी आसंल वो? लेकरू तुमचं..."

"मग सांभाळणारी म्हणून प्या. लेकरू माझं आहे ना? का नाही? ठरवा एकदाचं. माझं असेल तर माझ्या घरचं पाणीही चालतं. पाणी चालत नसेल तर लेकरूही माझं नाही, मग तुमचं तुम्ही सांभाळा, आणि काय व्हायचं ते तुमच्या नावावर होऊ द्या."

दगडाबाईनं सुनेकडं बघितलं. मुक्ताबाई आता डोळे उघडून सासूकडंच बघत होती, आणि तसं बघताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. दगडाबाईनं पेला घेतला. पाणी बर्फाच्या डब्याशेजारच्या माठातलं, गार होतं. एक घोट घेतल्यावर तिला ठसका लागला, मग ती थांबली नाही. सगळा पेला प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "लई गार हाय वो."

"आता सरा की मागं," भामाबाई म्हणाली. "मला बी द्या वो बाई घोटभर, सकाळपून घसा वाळलाय. एकटी दगडीच कावून पेईल?"

त्या दिवशी बाईंचा माठ तळाला गेला.

निघायच्या आधी मुक्ताबाई दाराशी घुटमळली. खाली बघूनच म्हणाली, "बाई, उद्या गाडीत... न्यावं का तेला? का तुमी ठिवून घेता?"

तो प्रश्न असा हलकेच आला की बाईंनाही आधी कळला नाही. मग कळला. लेकरू त्यांच्या खांद्यावर रडून रडून झोपलं होतं. त्यांच्या हातात आता खरोखरच ते ठरवणं होतं. थंडीत पाचटाची कोपी, पहाटेच्या दवात बांधावर ठेवलेली लेकरं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. लेकरू झोपेत तोंडानं दूध ओढल्यासारखं करत होतं, आणि मुक्ताबाईच्या चोळीचा पुढचा भाग ओला झाला होता.

"घेऊन जा," बाई म्हणाल्या. "पण नाव ठेवून जा. काय हाक मारता त्याला?"

"काय न्हाई. तुमीच ठिवायचं आसतं. कचरू म्हणा, न्हाईतर..."

"कचरू अजिबात नाही. सुंदर."

"आगं बाई!" दगडाबाई ओरडली. "सुंदर? नजर लागंल वो!"

"लागू द्या. सुई टोचलीय."

सकाळी ट्रक गेला. बराच वेळ धूळ खाली बसली नाही. उजेडात तरंगत राहिली, सोनेरी, आणि वाडी रिकामी झाली. हिवाळाभर बाई दुपारी खांबाला टेकून डुलक्या घेत, पण स्वप्नं सांगेनाशा झाल्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "पडतात की. आता हाताला लागतात, म्हणून सांगत नाही." मला ते नीट कळलं नाही.

चैत्रात ट्रक परतला. फडावर गोवर येऊन गेला होता, शेजारच्या कोप्यांमधून रडणी ऐकू यायची, असं सुनेकडून कळल्याचं दगडाबाई कुणाला तरी ओसरीवर बसून सांगत होती. बाईंनी ते ऐकलं. बाजाराचा दिवस होता, बर्फ आला होता, आणि मागं राहिलेल्या ट्रिपलच्या, म्हणजे घटसर्प-धनुर्वाताच्या सुईसाठी बायांची रांग उन्हात वळण घेऊन पार उंबराच्या खोडापर्यंत गेली होती. त्या रांगेत मुक्ताबाई होती. तिच्या कडेवरून एक उन्हानं रापलेला, शेंबडा, दणकट पोरगा खाली उतरायची धडपड करत होता.

भामाबाई आपल्या नातवाला घेऊन मधूनच पुढं घुसायला लागली.

"मागं सरा की वो आजी," मुक्ताबाई म्हणाली.

"का गं? तुझ्या बापाची रांग हाय व्हय?"

"बापाची न्हाई! पन माझं लेकरू कवाचं उन्हात हाय! तुमच्या आदी आलंय माझं लेकरू!"

रांग एकदम थांबली. भामाबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. ओसरीवर दगडाबाईचा हात कपाळाला गेला. मुक्ताबाईला आपण काय बोललो ते आत्ता उमगलं. ती पांढरी पडली आणि तिनं पोराला दोन्ही हातांनी घट्ट धरलं, जणू वरून कुणी त्याला उचलून नेणार होतं. वाडीवर तसाच उजेड होता. कुठं पान हललं नाही. पोरगा तेवढा तिच्या कानातलं ओढत होता.

वत्सलाबाईंनी सुईतली हवा काढली, कापूस भिजवला आणि दाराकडं बघून, रोजच्या आवाजात म्हणाल्या,

"सुंदरची आई, या पुढं."